अंगठ्याची किंमत कोण मांडणार?

रस्त्यावर अपघात होऊन घरातला माणूस जखमी झाला, की प्लास्टर ओले असतानाच घरात एक वाद सुरू होतो. वकील करायचा, की आपणच अर्ज टाकायचा? एक बाजू म्हणते, वकील अर्धे पैसे खाऊन टाकेल. दुसरी बाजू म्हणते, कोर्टात आपल्याला कुत्रे विचारणार नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात माझ्या मावसभावाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी मी बराच काळ त्याच्यासोबत जात राहिले, आणि तेव्हापासून मला हा वादच चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. मी वकील नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. पण जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की अशा दाव्यातला निम्मा भाग कोणताही वकील आपल्यासाठी करू शकत नाही, आणि उरलेल्या निम्म्यासाठी वकील लागतो की नाही हे जखम किती मोठी होती यावर नव्हे, तर ती मागे काय ठेवून गेली यावर ठरते.

आधी कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे जखमी व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, किंवा तिने रीतसर अधिकार दिलेला प्रतिनिधी तिच्या वतीने करू शकतो. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, अथवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, अर्ज चालतो. म्हणजे नागपूरच्या माणसाला पुण्यात गाडीने उडवले तरी त्याला पेशीसाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. न्यायाधिकरणाने चौकशी संक्षिप्त पद्धतीने करावी आणि ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवावी, असे कायदाच सांगतो. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर असे स्पष्ट केले, की पुराव्यावरून अधिक रक्कम योग्य ठरत असेल तर अर्जदाराने मागितली त्यापेक्षा जास्त भरपाईही देता येते. चूक कोणाची हे फौजदारी खटल्यासारखे संशयातीत सिद्ध करावे लागत नाही. शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. तेव्हा एकट्याने जाणे हा काही वेडेपणा नाही. कायदा सामान्य माणसाला डोळ्यासमोर ठेवूनच लिहिला आहे, असे हे सगळे वाचताना वाटते.

अडचण अशी, की समोर बसलेली विमा कंपनी सामान्य माणूस नसते. तिचे वकील त्याच दालनात रोज उभे राहतात, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा. जखमी माणसाची ज्याच्याशी गाठ पडते तो ट्रकवाला किंवा टेम्पोवाला बहुधा नोटीस मिळूनही येत नाही. खरी लढत विमा कंपनीशीच होते. गाडीचा परवाना नव्हता, चालकाचे लायसन्स त्या प्रकारच्या वाहनाचे नव्हते, अर्जदारच चुकीच्या बाजूने येत होता, हे तिचे ठरलेले जबाब. यांतल्या काहींना उत्तर असते आणि काहींना नसते, पण कोणत्याला आहे हे ओळखायला सराव लागतो.

मावसभावाचे सुतारकामाचे दुकान पारडीकडे आहे. भंडारा रोडवर संध्याकाळी मालवाहू टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. डोक्याला हेल्मेट होते म्हणून जीव वाचला, पण उजव्या हाताचे मनगट मोडले आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याचा चुरा झाला. ऑपरेशन झाले, तारा बसवल्या, काढल्या, फिजिओथेरपी झाली. सहा-आठ महिन्यांनी त्याचा हात पाहणाऱ्याला वाटले असते की झाले सगळे ठीक. तो चहाचा कप उचलत होता, गाडी चालवत होता, सही करत होता. फक्त अंगठा करंगळीकडे वळत नव्हता. आता ज्याने कधी रंधा धरलेला पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल: रंध्याची मागची मूठ उजव्या हातात घट्ट लागते, आणि लाकडाचा गाठीचा भाग आला की सगळा जोर अंगठ्यावर येतो. पटाशीचेही तसेच. तो रंधा मारायला लागला की दोन-चार हातांनंतर पकड सुटायची आणि फळीवर पायरी पडायची. मग तो रंधा खाली ठेवून कारागिराला हाक मारायचा.

दाव्याचा पहिला निम्मा भाग म्हणजे कागद, आणि ते जमवायची वेळ वकील करायच्या कितीतरी आधी येऊन जाते. एफआयआरची प्रत, घटनास्थळ पंचनामा, गाडीची आरसी, विमा पॉलिसी, चालकाचे लायसन्स, दवाखान्याचे पहिल्या दिवसाचे केसपेपर, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, पुढे दोषारोपपत्र. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करा म्हणून सगळ्या राज्यांना बजावले आहे. नियम उत्तम आहे. तरीही ठाण्यात जाऊन ‘साहेब, आमचा अहवाल गेला का’ असे अधूनमधून विचारणारा घरचा माणूस असला तर तो अहवाल अधिक लवकर जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. केसपेपरवर पहिल्या दिवशी ‘पडून लागले’ असे कोणी घाईत लिहिले असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावे लागते, कारण दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील नेमका तोच शब्द वाचून दाखवणार असतो.

बिलांचे एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. औषधाच्या दुकानांतली बरीच बिले हल्ली त्या गुळगुळीत कागदावर छापून येतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली ती बिले काही महिन्यांत पांढरीफटक होतात. मावसभावाच्या बायकोने प्रत्येक बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचली होती. पुरावा नोंदवताना टंकलेखकासमोर ती फाइल उघडली तेव्हा अर्ध्याअधिक मूळ बिलांवर काहीच दिसत नव्हते. वकिलाच्या फीमध्ये ही झेरॉक्स येत नाही.

मुदतीचेही याच भागात सांगायला हवे. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे आवश्यक झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही. हाड जुळायलाच चार महिने जातात, आणि ‘बरे वाटले की बघू’ म्हणणाऱ्यांचे उरलेले दोन महिने कसे जातात हे सांगायला नको.

आता दुसरा निम्मा भाग. इथे मी गणिताची शिक्षिका म्हणून थोडी रमले, हे कबूल करते. भरपाईचे सूत्र गुप्त नाही. सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे ते आकडे, ठरवून दिले: १५ ते २५ वयाला १८, मग वय वाढेल तसा तो उतरत जातो, ३६ ते ४० ला १५, ५१ ते ५५ ला ११, ६५ च्या पुढे ५. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढ किती धरायची ते सांगितले. स्वतःचा धंदा करणारा ४० च्या आतला असेल तर ४० टक्के. कायमचे अपंगत्व आलेल्या जखमी माणसालाही ही वाढ मिळते, हे २०२० च्या पप्पू देव यादव प्रकरणाने पक्के केले. म्हणजे ३८ वर्षांच्या सुताराचे महिन्याचे उत्पन्न २०,००० रुपये धरले, तर त्यात ४० टक्के मिळवून २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, गुणिले १५, एकूण ५०,४०,०००. याला कमाईची क्षमता जितके टक्के गेली त्या टक्क्यांनी गुणायचे, आणि त्यात दवाखान्याचा खर्च, बुडालेले दिवस, वेदना वगैरे मिळवायचे. सातवीच्या मुलाला जमेल असे गणित आहे.

मात्र तो शेवटचा टक्का कोण ठरवतो? मावसभावाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर २० टक्के लिहिले होते. ते धरले तर उत्तर येते १०,०८,०००. कमाईची हानी ४५ टक्के आहे असे पटवता आले, तर २२,६८,०००. आणि उत्पन्नवाढ मागायचीच कोणी विसरला, तर २० टक्क्यांवर फक्त ७,२०,०००. हात तोच, दाखला तोच. पंधरा लाखांचा फरक केवळ काय मागितले आणि कसे सिद्ध केले यात आहे.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल या बाबतीत मुळातून वाचावा असा आहे. हाताला आलेले अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचे अपंगत्व नव्हे, आणि शरीराचे अपंगत्व म्हणजे कमाईची हानी नव्हे, हे त्यात उलगडून सांगितले आहे. त्यातले उदाहरणच असे आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास येईल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित फारशी नाही. तो भाग मी मावसभावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, “ताई, सुताराचं त्याइले कसं काय माहीत?”

हे सगळे मला समजले होते, आणि तरीही मी त्याला सांगितले की वकील कर. कारण समजणे वेगळे आणि साक्षीदाराच्या तोंडून नोंदीवर आणणे वेगळे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते. त्यांनी ‘२० टक्के’ एवढेच सांगून उपयोग नसतो, तर ‘या हाताने ओढण्याचे, पिळण्याचे, दाबून धरण्याचे काम होणार नाही आणि सुधारणेची शक्यता नाही’ हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे लागते. व्यग्र शल्यचिकित्सक समन्सला येत नाहीत, हेही राजकुमार प्रकरणात न्यायालयाने ओळखले आहे आणि त्यांची वेळ सांभाळून किंवा कमिशन नेमून, म्हणजे न्यायालयाबाहेर जाऊन साक्ष नोंदवणारा माणूस नेमून, साक्ष घ्यावी असे सुचवले आहे. पण तसा अर्ज कोणी करायचा? आमच्या वकीलबाईंनी केला. आम्हाला तो सुचलाही नसता.

उलटतपासणीच्या आदल्या दिवशी वकीलबाईंनी त्याला कार्यालयात बसवून घेतले. “खोटं एक अक्षर बोलायचं नाही, पण खरं अर्धं सांगून थांबायचं नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुकारा झाला, तो साक्षीदाराच्या जागी उभा राहिला, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी अगदी नम्रपणे पहिलाच प्रश्न विचारला: दुकान अजून चालू आहे ना? हा प्रश्न मला मोठा हुशारीचा वाटला, कारण कष्टाने उभा राहिलेला माणूस त्याला अभिमानाने उत्तर देतो. तो म्हणाला, “हो साहेब, चालू आहे.” आणि तिथेच थांबला असता तर नोंदीवर एवढेच आले असते, की अर्जदाराचा धंदा सुरळीत आहे. क्षणभर थांबून त्याने पुढे सांगितले, की रंधा आणि पटाशीचे काम आता पगारी कारागीर करतो आणि तो स्वतः मापे घेतो, हिशेब पाहतो. कारागिराच्या मजुरीची वही आधीच पुराव्यात दाखल होती. तो कारागीरही साक्षीला आला. एकटा गेला असता तर तो हे बोलला नसता असे मी म्हणत नाही. पण वही दाखल करायला हवी, हे त्याला कोणी सांगितले असते?

दुसऱ्या टोकाचेही उदाहरण माझ्याजवळ आहे. आमच्या शाळेतल्या लिपिकाला शंकरनगर चौकात कारने ठोकर दिली, कॉलरबोन मोडले, दोन-तीन महिन्यांत पूर्ण जुळले. नोकरी शाबूत, पगार शाबूत, मागे काही उरले नाही. त्याने स्वतः अर्ज लिहिला, बिले आणि रजेचा दाखला जोडला, आणि लोकअदालतीत विमा कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर बसून रक्कम ठरवून घेतली. त्याला वकील लागला नाही आणि लागायलाही नको होता. तिथे मांडायचे होते ते सगळे कागदावरच होते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. सांधा पुढे कसा राहील हे डॉक्टरही सांगत नसतील, तेव्हा तिथे सही करण्याची घाई करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खालच्या रकमेचेही तसेच आहे. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे न विचारता, अडीच लाख रुपये मिळतात, आणि गरजेच्या वेळी ते मोठे वाटतात. पण ते विहित रीतीने स्वीकारले की न्यायाधिकरणापुढचा मूळ अर्ज संपतो. ज्याला आयुष्यभर अंगठ्याशिवाय काम करायचे आहे त्याने हा कागद सही करण्याआधी तरी कोणा जाणत्या वकिलाला दाखवावा, मग पुढे वकीलपत्र द्यायचे की नाही ते खुशाल नंतर ठरवावे.

आणि फी. ‘वकील अर्धे खातो’ ही भीती हवेतून आलेली नाही. मोठ्या दवाखान्यांच्या आवारात, नातेवाईक अजून रक्ताच्या पिशवीसाठी धावत असताना, कोरे वकीलपत्र घेऊन ‘एक रुपया देऊ नका, निकालानंतर टक्केवारी’ म्हणणारा माणूस आमच्यापाशीही येऊन गेला. अमेरिकेत अशी पद्धत कायदेशीर आहे. तिथे जखमीचा वकील निकालानंतर साधारण एक तृतीयांश घेतो आणि हरला तर काहीच घेत नाही. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालाच्या रकमेवर टक्का ठरवणे वकिलाला मना आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तेलंगणातून असेच प्रकरण आले होते: पती अपघातात गेलेल्या स्त्रीकडून वकिलाने भरपाईच्या टक्क्याने फी मागितली आणि न वटलेल्या धनादेशावरून तिच्यावर खटला भरला. न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि टक्केवारीची फी बेकायदेशीर ठरवली. अर्थात, गरीब माणसाजवळ आगाऊ फी नसते म्हणूनच ही टक्केवारी जगते, हेही खरे आहे. नियम दाखवून त्याचे पोट भरत नाही. आम्ही ठरावीक रक्कम टप्प्याटप्प्याने ठरवली, कागदावर लिहून घेतली, आणि प्रत्येक वेळी पावती मागितली. वकीलबाईंना त्यात काही वावगे वाटले नाही.

ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि त्याच्याकडे लोक फार कमी जातात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. ‘सरकारी वकील काय लढणार’ असे आमच्याकडे पटकन म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. पैसे मोजून केलेला वकीलही पेशीला कनिष्ठाला पाठवून तारीख घेतो, हे मी पाहिले आहे. वकील कोणताही असो, आपल्या पेशीची तारीख न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून आपणच पाहावी, त्या दिवशी दालनात हजर राहावे, आणि आज काय झाले ते विचारावे. मावसभावाची बायको हे न चुकता करत असे. पुढे पुढे शिपाईही तिला ओळखू लागला होता.

न्यायाधिकरणाने त्याच्या कमाईची हानी दाखल्यापेक्षा जास्त धरली, पण आम्ही मागितली तेवढी नाही. विमा कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपिलात गेली आहे. तिला अपील दाखल करताना २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी कमी असेल ती भरावी लागली, आणि स्थगितीसाठी न्यायालयाने आणखी रक्कम जमा करायला सांगितली. त्यातला काही भाग मावसभावाने काढून घेऊन नवे रंधायंत्र आणले. तिथे स्वतः बाजू मांडायची तर उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे आधी निबंधक कार्यालयाच्या समितीपुढे जावे लागते, म्हणून तो विचार आम्ही केलाच नाही. वकीलबाईंचे म्हणणे आहे की आपणही प्रतिआक्षेप, म्हणजे कंपनीच्याच अपिलात आपली उलट मागणी, दाखल करून उरलेले टक्के मागावेत. त्याची फी वेगळी पडेल, रक्कम त्यांनी लिहून दिली आहे, आणि तो कागद सध्या दुकानात मापांच्या वहीत आहे. मला विचाराल तर दाखल करावेत. त्याच्या बायकोला वाटते, मिळाले तेवढ्यावर थांबावे.